डिस्क दुरुस्त करण्याआधी: फाईल सिस्टम तपासायची कशी आणि सुधारायची कशी

पाऊस धरला की कोल्हापुरातल्या माझ्या टेबलावर बिघडलेल्या कॉम्प्युटरांची रांग लागते. शाहूपुरीतल्या गुळाच्या अडत दुकानातला हिशेबाचा पीसी असतो, राजारामपुरीतल्या क्लासचा लॅपटॉप असतो, शिरोलीच्या एखाद्या फौंड्रीतली ड्रॉइंगची हार्ड डिस्क असते. कारण बहुतेक वेळा एकच: काम चालू असताना लाईट गेली, आली, पुन्हा गेली, आणि यूपीएसची बॅटरी कधीचीच बसलेली. "काल रात्रीपर्यंत चालत होतं की ओ, आज डी ड्राईव्हच उघडंना," असं म्हणत माणूस पिशवीतून डिस्क काढतो.

पुष्कळ जणांनी माझ्याकडे येण्याआधी घरी काहीतरी करून पाहिलेलं असतं. कुणीतरी फोनवर सांगितलेलं असतं, "चेकडिस्क मार भावा, होतंय." चेकडिस्क म्हणजे डिस्कचं दप्तर तपासून सुधारणारी विंडोजची आज्ञा. कधी खरंच होतं. पण कधी त्या एका आज्ञेनंच परत मिळण्यासारखा डेटा हातचा जातो, आणि समोरच्या माणसाला ते सांगणं फार जड जातं. फाईल सिस्टम दुरुस्त करणं हे एक काम आहे आणि तुमच्या फायली वाचवणं हे दुसरं. वाचवायचं काम आधी. खालच्या सगळ्या पायऱ्यांचा क्रम याच हिशेबानं लावला आहे.

आधी सातबारा समजून घेऊ

डिस्कवर तुमचे फोटो, बिलं, ड्रॉइंग तुकड्या-तुकड्यांनी पडलेली असतात. कुठला तुकडा कुठल्या फाईलचा, फाईलचं नाव काय, कुठली जागा मोकळी, याची नोंद एका वेगळ्या दप्तरात असते. हे दप्तर म्हणजे फाईल सिस्टम. रान आणि त्याचा सातबारा यांचं जे नातं, तेच इथं आहे. सातबारा फाटला म्हणून रान कुठं जात नाही, पण तलाठ्याच्या दप्तरात तुमच्या नावावर काही दिसत नाही.

विंडोजमधली एनटीएफएस ही पद्धत १९९३ साली विंडोज एनटीबरोबर आली. तिच्या मुख्य दप्तराला मास्टर फाईल टेबल म्हणतात. शिवाय गाव नमुना ६, म्हणजे फेरफार नोंदवही, असते तशी एक वही तिच्यात असते. तिला जर्नल म्हणायचं. दप्तरात बदल करण्याआधी तो जर्नलमध्ये लिहिला जातो. मधेच लाईट गेली तर पुढच्या वेळी विंडोज ही वही वाचून अर्धवट फेरफार पुरा करतं किंवा रद्द करतं. त्यामुळं एनटीएफएस लाईट जाण्याचे बरेच धक्के आपोआप सोसते. पण या वहीत नोंद दप्तराची असते, फाईलच्या आतल्या मजकुराची नाही. लाईट गेली त्या क्षणी लिहिली जात असलेली टॅलीची फाईल आतून तुटलेली असू शकते, आणि चेकडिस्क तरीही सगळं ठीक असल्याचं सांगतं. तिथं दुरुस्तीचा उपयोग नाही, कालचा बॅकअपच कामाला येतो.

लिनक्स ही विंडोजसारखीच दुसरी प्रणाली. तिच्या ईएक्सटी४ या फाईल सिस्टममध्येही जर्नल आहे. पेन ड्राईव्ह आणि मेमरी कार्डांवर असतात त्या फॅट३२ आणि एक्सफॅटमध्ये ते नाही, म्हणून घाईनं उपसलेला पेन ड्राईव्ह चटकन बिघडतो.

आता दुरुस्तीचं साधन काय करतं, ते याच भाषेत. ते दप्तराचा मेळ घालतं. एकाच गटावर दोन खातेदार लागले असतील तर तो तंटा मिटवतं. एखादी नोंद वाचताच येत नसेल तर ती काढून टाकतं. कुणाच्याच नावावर नसलेले तुकडे मोकळे जाहीर करतं किंवा एका कोपऱ्यातल्या फोल्डरमध्ये टाकतं. मेळ बसला की त्याचं काम संपलं. त्या काढून टाकलेल्या नोंदीत कुणाच्या लग्नाचे फोटो होते हे त्याला कळत नाही, आणि 'मागे घ्या' अशी सोयही त्यात नाही.

पायरी १: हात आवरा आणि लक्षण बघा

डिस्क लावल्यावर विंडोज म्हणालं की वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, तर कॅन्सल दाबा. हा निरोप इतक्या सहज येतो की भले भले ओके दाबून बसतात. त्याचा अर्थ एवढाच की विंडोजला दप्तर वाचता येत नाही. डिस्क मॅनेजमेंटमध्ये अशा ड्राईव्हसमोर 'रॉ' असं दिसतं.

मग कान द्या. फिरत्या हार्ड डिस्कमधून टक-टक-टक असा एकसारखा आवाज येत असेल, किंवा ती फिरायला लागून थांबत असेल, तर लगेच बंद करा. आतलं वाचणारं डोकं किंवा मोटर गेलेली असते. अशा डिस्कवर कुठलीही आज्ञा चालवायची नाही, 'एकदा बघूया' म्हणूनसुद्धा नाही. डेटा मोलाचा असेल तर ती स्वच्छ खोलीत उघडणाऱ्या डेटा रिकव्हरीवाल्यांकडंच जायला हवी.

आवाज ठीक आहे, पण फोल्डर उघडायला दोन-दोन मिनिटं लागतात, कॉपी मधेच अडकते, तर डिस्कचे सेक्टर, म्हणजे तिच्यावरचे बारीक कप्पे, खराब होत असण्याची शक्यता मोठी. वेग नेहमीचा आहे, पण फोल्डरची नावं विचित्र दिसतात किंवा 'फाईल करप्टेड आहे, वाचता येत नाही' असं येतं, तर बिघाड फाईल सिस्टमचा असू शकतो. अंदाजावर राहू नका, पुढची पायरी करा.

पायरी २: आजार डिस्कचा की दप्तराचा?

ही पायरी लोक हमखास गाळतात, आणि नुकसान इथंच होतं. जवळजवळ प्रत्येक हार्ड डिस्क आणि एसएसडी स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते. या सोयीला स्मार्ट म्हणतात. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर ती वाचून दाखवतं. वरचा 'गुड' हा शब्द बघून थांबू नका, खालचे आकडे बघा. हार्ड डिस्कवर मी चार ओळी वाचतो.

०५ क्रमांकाची ओळ: किती सेक्टर खराब होऊन त्यांच्याऐवजी राखीव सेक्टर वापरले गेले. सी५: किती सेक्टर वाचता येईनात, निकाल लागायचा आहे. सी६: तपासणीत न सुधारलेले सेक्टर. सी७: डिस्क आणि कॉम्प्युटर यांच्यामधल्या देवाणघेवाणीतल्या चुका, म्हणजे बहुतेक वेळा केबल सैल किंवा खराब. 'रॉ व्हॅल्यूज'च्या रकान्यातला आकडा सोळाच्या पायावर लिहिलेला असतो, म्हणजे शेवटी १० दिसलं तर ते दहा नसून सोळा. फंक्शन मेनूत ॲडव्हान्स्ड फीचरमध्ये जाऊन तो दशमान करून घ्या.

सी५ शून्याच्या वर असेल, आणि अर्ध्या तासानं परत पाहिल्यावर वाढला असेल, तर डिस्क मरणपंथाला लागली आहे. तिच्यावर चेकडिस्क चालवू नका. सेक्टरही शोधणारी चेकडिस्कची लांब तपासणी डिस्कचा कानाकोपरा तासन् तास वाचायला लावते, आणि उरलेला जीव तुमच्या फायली काढण्याऐवजी त्यातच जातो. एका फोटो स्टुडिओची एक टीबीची डिस्क माझ्याकडं अशीच आली होती. रात्रभर ही तपासणी लावून ठेवलेली, सकाळी डिस्क बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावरसुद्धा दिसेना. आदल्या संध्याकाळी ती हळू का होईना, वाचत होती.

नुसती सी७ वाढत असेल तर केबल बदला आणि पुन्हा पाहा. बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं.

पायरी ३: आधी नक्कल

डिस्क निरोगी आहे आणि फोल्डर उघडताहेत, तर महत्त्वाचं सगळं दुसऱ्या डिस्कवर साधं कॉपी करून घ्या. आधी हिशेब, कागदपत्रं, फोटो, आणि सिनेमे-गाणी शेवटी.

डिस्क आजारी आहे किंवा ड्राईव्ह रॉ दिसतो, तर पूर्ण डिस्कची सेक्टरमागून सेक्टर अशी नक्कल करायची. त्यासाठी लिनक्समधलं डीडीरेस्क्यू हे साधन मला सगळ्यात भरवशाचं वाटतं. उबुंटू या लिनक्सच्या प्रकाराचा बूट होणारा पेन ड्राईव्ह बनवा, कॉम्प्युटर त्यावरून चालू करा आणि इन्स्टॉल न करता नुसता वापरा. उबुंटूत या पॅकेजचं नाव 'जीडीडीरेस्क्यू' आहे, आज्ञा मात्र 'डीडीरेस्क्यू' अशीच. लिनक्सच्या आज्ञा आणि पर्याय इंग्रजीत, छोट्या लिपीत टाइप करायचे. लिहिताना आधी मूळ डिस्क, मग नकलेची जागा, मग नोंद ठेवायची मॅप फाईल, हा क्रम. तो उलटा झाला तर कोरी डिस्क तुमच्या डेटावर लिहिली जाईल. म्हणून आधी 'एलएसबीएलके' चालवून कुठली डिस्क कुठली ते आकारावरून ओळखा आणि कागदावर लिहा.

पहिल्या फेरीत '-एन' हा पर्याय लावा. त्यानं वाचता येणारा भाग पटापट उचलला जातो आणि अवघड भाग मागं राहतो. मग तीच मॅप फाईल देऊन '-आर३' लावून दुसरी फेरी करा, ती अवघड भागावर तीन वेळा प्रयत्न करते. मधेच लाईट गेली तरी मॅप फाईलमुळं काम जिथं थांबलं तिथून पुढं चालू होतं. सरळ दुसऱ्या डिस्कवर नक्कल करत असाल तर ती तेवढीच किंवा मोठी हवी, आणि '-एफ' हा पर्यायही द्यावा लागतो. इमेज फाईलच्या रूपात, म्हणजे पूर्ण डिस्क एकाच फाईलमध्ये, ठेवत असाल तर फॅट३२ च्या ड्राईव्हवर ठेवू नका, तिथं ४ जीबीपेक्षा मोठी फाईल मावत नाही.

नक्कल झाली की मूळ डिस्क पाकिटात घालून, वर तारीख टाकून बाजूला ठेवा. पुढची सगळी खटपट नकलेवर. बिघडलं तरी परत नक्कल काढता येते.

लॅपटॉप नवा असेल तर डिस्क बिटलॉकरनं, म्हणजे विंडोजच्या कुलपानं, बंद केलेली असू शकते, कधी मालकाला न कळता. अशी डिस्क दुसरीकडं लावली किंवा दुरुस्तीच्या पडद्यावर गेलात की ४८ अंकी रिकव्हरी की मागतात. ती बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. काम सुरू करण्याआधीच ती काढून कागदावर लिहून घ्या.

पायरी ४: विंडोजवर तपासणी आणि दुरुस्ती

खालच्या आज्ञा मी अक्षर वाचावं तशा लिहिल्या आहेत. टाइप करताना प्रत्येक अक्षर इंग्रजी, मधल्या जागा तशाच, आणि तिरकी रेघ उजवीकडं झुकलेली.

लॅपटॉप असेल तर चार्जर लावा, डेस्कटॉप असेल तर चालू यूपीएसवर घ्या. दुरुस्ती अर्ध्यात असताना लाईट जाणं हे पहिल्या बिघाडापेक्षा वाईट. आभाळ गडगडत असेल तर उद्या करा.

स्टार्ट मेनूत 'सीएमडी' शोधून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' निवडा. आधी नुसतं बघायचं:

सीएचकेडीएसके डी:

मागं काही न लावता दिलेली ही आज्ञा फक्त वाचते, काही बदलत नाही. चालू ड्राईव्हवर ती कधी नसलेल्या चुकाही दाखवते, कारण ती बघत असताना दुसरं कुणीतरी लिहीत असतं. म्हणून तेवढ्यानं घाबरू नका. विंडोज ८ पासून पुढं एनटीएफएससाठी आणखी चांगली सोय आहे:

सीएचकेडीएसके डी: /एससीएएन

काम चालू असतानाच ती तपासते आणि आढळलेल्या चुकांची यादी करते. ज्यांना काळी खिडकी नको, त्यांनी ड्राईव्हवर राईट क्लिक करून प्रॉपर्टीज, टूल्स आणि चेक असं जावं.

चूक निघाली आणि नक्कल हातात असेल, तर आता दुरुस्ती:

सीएचकेडीएसके डी: /एफ

ड्राईव्ह वापरात असेल तर ती तो तात्पुरता सोडवायला परवानगी मागते. त्या ड्राईव्हवरच्या उघड्या फायली बंद करूनच वाय दाबा. मग टप्पे दिसतात: आधी दप्तराची मूळ रचना, मग फाईलनावं आणि फोल्डरांचा मेळ, मग परवानग्यांच्या नोंदी. '/एफ'च्या जागी '/आर' लावलं तर दुरुस्तीबरोबरच पुढं दोन टप्पे वाढतात, फायलींमधले आणि मोकळ्या जागेतले खराब सेक्टर शोधणारे. मोठ्या हार्ड डिस्कवर त्याला कित्येक तास लागतात. माझं मत स्पष्ट आहे: दप्तराच्या बिघाडाला '/एफ' पुरतं. '/आर' ज्या डिस्कला खरंच लागतं, ती डिस्क बहुतेक वेळा बदलायच्याच लायकीची असते. एसएसडीवर तर खराब जागांचा बंदोबस्त ती स्वतः आत करते, तिथं '/आर' लावून फारसं काही हाती येत नाही.

टक्का एकाच आकड्यावर अडकला तर बटण दाबून बंद करू नका. तो आकडा सरळ चालीनं वाढत नाही, पुष्कळ वेळ थांबून एकदम उडी मारतो. डिस्कचा दिवा लुकलुकत असेल तर काम चालू आहे.

शेवटी अहवाल येतो. त्यात 'बॅड सेक्टर्स' असलेली ओळ शोधा. तिथं शून्य केबी हवं. शून्य नसेल तर पायरी २ वर परत जा. चुका सापडून सुधारल्या असतील तर '/एफ' आणखी एकदा चालवा. दुसऱ्या वेळी एकही चूक निघाली नाही तरच दप्तर जुळलं असं समजा.

सी ड्राईव्हची गोष्ट थोडी वेगळी. विंडोज त्यावरूनच चालतं, म्हणून '/एफ' दिलं की पुढच्या वेळी चालू होताना तपासू का, असं विचारतं. वाय दाबून रीस्टार्ट करा. पडद्यावरचा अहवाल निसटून गेला तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये विंडोज लॉग्ज, त्यात ॲप्लिकेशन, तिथं विनइनिट या नावाखाली १००१ क्रमांकाची नोंद उघडा. लावलेली तपासणी नको असेल तर 'सीएचकेएनटीएफएस /एक्स सी:' दिलं की ती टळते.

विंडोज चालूच होत नसेल तर इन्स्टॉलेशनचा पेन ड्राईव्ह लावून 'रिपेअर युअर कॉम्प्युटर'मधून कमांड प्रॉम्प्टवर जा. तिथं ड्राईव्हची अक्षरं बदललेली असू शकतात, नेहमीचा सी तिथं डी दिसतो. आधी 'डिस्कपार्ट'मध्ये 'लिस्ट व्हॉल्यूम' देऊन खात्री करा, 'एक्झिट' करा, मग आज्ञा द्या. सी दुरुस्त होऊन विंडोज चालू झालं की 'एसएफसी /एससीएएनएनओडब्ल्यू' हेही चालवा. दप्तर जुळलं तरी विंडोजच्या स्वतःच्या फायली तुटलेल्या असू शकतात, ते त्या पाहतं.

ड्राईव्ह रॉ असेल तर चेकडिस्क चालतच नाही. अशा वेळी टेस्टडिस्क हे मोफत साधन. एनटीएफएसच्या बूट सेक्टरची, म्हणजे ड्राईव्हच्या अगदी पहिल्या सेक्टरची, एक प्रत ड्राईव्हच्या शेवटी ठेवलेली असते, टेस्टडिस्क ती शोधून सुरुवातीचा फाटका सेक्टर परत लिहू शकतं. नकलेवरच करा.

पेन ड्राईव्ह आणि कॅमेऱ्याचं कार्ड

लग्नाच्या सिझनमध्ये फोटोग्राफर मंडळी घामाघूम होऊन येतात. त्यांना माझं पहिलं सांगणं: कार्डाच्या कडेची छोटी लॉकची पट्टी खाली करा आणि कार्ड परत कॅमेऱ्यात घालू नका. नवा एक फोटो काढला तरी तो जुन्यावर बसू शकतो.

कार्डावर आधी चेकडिस्क मारलं तर एक लपलेला 'फाउंड.०००' फोल्डर तयार होतो आणि त्यात सीएचके नावाच्या शेकडो फायली पडतात. नावं गेली, कधी दोन फोटोंचे तुकडे एकत्र. त्याऐवजी कार्डाची पूर्ण इमेज काढा आणि तिच्यावर फोटोरेक चालवा. ते दप्तर न बघता जेपेग, कॅमेऱ्याचे 'रॉ' प्रकारचे फोटो, व्हिडिओ यांची सुरुवात ओळखून थेट रानातून पीक काढतं. नावं आणि फोल्डर मिळत नाहीत, फोटो मिळतात. ते वेगळ्या डिस्कवर उतरवून, उघडून बघा. कार्ड नंतर कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. आणि स्वस्तात घेतलेला '२ टीबी'चा पेन ड्राईव्ह वारंवार बिघडत असेल तर एचटूटेस्टडब्ल्यूनं त्याची खरी क्षमता मोजा.

लिनक्स आणि मॅक

लिनक्सवर एकच नियम घट्ट धरा: माउंट केलेल्या, म्हणजे वापरायला जोडलेल्या, भागावर दुरुस्ती नाही. आधी 'यूमाउंट'. ईएक्सटी४ साठी 'ई२एफएससीके -एफ -एन' नुसतं बघतं, '-एन' काढून '-पी' लावलं तर निर्धोक तेवढं सुधारतं, आणि '-वाय' प्रत्येक प्रश्नाला होकार देतं. हा शेवटचा नकलेवरच वापरा. मालक हरवलेल्या फायली 'लॉस्ट+फाउंड'मध्ये आकड्यांच्या नावानं मिळतात. 'सुपरब्लॉक (दप्तराचं मुख्य पान) वाचता येत नाही' म्हणालं तर त्याच्या राखीव प्रती असतात, ४ केबीच्या ब्लॉकवर पहिली ३२७६८ व्या ब्लॉकवर: 'ई२एफएससीके -बी ३२७६८'. एक्सएफएस या लिनक्सच्याच दुसऱ्या फाईल सिस्टमला एफएससीके काही करत नाही, तिथं 'एक्सएफएस_रिपेअर' लागतं. विंडोजची एनटीएफएस डिस्क लिनक्सवर दुरुस्त करू नका. 'एनटीएफएसफिक्स' जुजबी डागडुजी करतं आणि उरलेलं काम विंडोजच्याच चेकडिस्ककडं सोपवतं.

मॅकवर डिस्क युटिलिटीमधलं फर्स्ट एड. आतल्या भागापासून सुरू करा: आधी व्हॉल्यूम, मग कंटेनर, मग पूर्ण डिस्क.

पुन्हा पुन्हा बिघडतंय?

महिन्यात दोनदा दप्तर बिघडलं तर दुरुस्ती थांबवून कारण शोधा. यूपीएस, केबल, पॉवर सप्लाय, आणि रॅम. खराब रॅममधून चुकीचाच मजकूर डिस्कवर उतरतो. मेमटेस्ट८६+ रात्रभर लावा, एक जरी चूक दिसली तरी रॅम बदला. बाहेरची डिस्क काढताना नेहमी इजेक्ट करा.

पुराचं पाणी शिरलेली डिस्क

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी शहरात आलं, तेव्हा तळमजल्यावरचे पीसी बुडाले. अशा डिस्कला फाईल सिस्टमचा काहीच आजार नसतो, पण घाईत वीज लावली की तिचं सर्किट बोर्ड जळतं आणि तबकडीवर गाळ घासला जातो. म्हणून पाण्यातून काढलेली डिस्क चालू करून बघू नका. उन्हात, तांदळात किंवा हेअर ड्रायरनं वाळवू नका, गाळ सुकला की तबकडीला चिकटतो. ओलसर फडक्यात गुंडाळून, बंद पिशवीत घालून तशीच रिकव्हरीवाल्यांकडं पोचवा. आणि राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीजवळ आल्याची बातमी कानावर पडली की बॅकअपची डिस्क वरच्या मजल्यावर न्या. ४३ फुटांची, म्हणजे धोक्याच्या पातळीची वाट बघू नका.